कर भरणं आणि देणगी देणं

सरकार नागरी वस्त्यांवर बॉम्ब टाकत असेल तर कर भरणाराही कायद्याने युद्धगुन्ह्यात सामील ठरतो, असं काही जण म्हणतात. त्यामागची कळकळ पटते, कायदा मात्र तसं म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कराराचं कलम 25 बघा: गुन्ह्याला मदत केल्याचा ठपका ठेवायचा तर ती मदत गुन्हा सुकर व्हावा याच हेतूने केलेली असावी लागते. पगारातून परस्पर कापला जाणारा कर यात कसा बसणार?

नुसते पैसे दिले म्हणून कुणी दोषी ठरलंच नाही, असं मात्र नाही. 1947 मध्ये न्यूरेंबर्गला, नाझी युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत, जर्मन उद्योगपती फ्रीडरिश फ्लिकला शिक्षा झाली. त्यातला एक आरोप नाझी नेता हिमलरच्या मित्रमंडळामार्फत त्याच्या एसएस या निमलष्करी संघटनेला दरवर्षी दिलेल्या 1 लाख राइशमार्कचा (तेव्हाचं जर्मन चलन) होता. एसएसची कृत्यं ठाऊक असूनही तो देत राहिला. आणि ती देणगी होती, कर नव्हे.

उलट बाजू मला जास्त खुपते. ब्रिटनमध्ये 1960 च्या दशकात 'चेनी विरुद्ध कॉन' खटल्यात एका करदात्याने म्हटलं, माझा पैसा अण्वस्त्रांवर जातो, ते युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांविरुद्ध आहे, म्हणून ही करआकारणीच बेकायदा. न्यायालयाने ते धुडकावलं: संसदेने कायदा करून लावलेला कर बेकायदा असूच शकत नाही. म्हणजे दोष नाही, पण नकाराचा हक्कही नाही. भांडायचं असेल तर या हक्कासाठी भांडूया.

'करदाते दोषी' हे म्हणताना जरा जपूनच. अमेरिकेला उद्देशून लिहिलेल्या 2002 च्या पत्रात बिन लादेनने सामान्य अमेरिकनांना मारण्याचं समर्थन करताना हाही मुद्दा मांडला होता.