ओळंबा आधी, प्लास्टर नंतर

जुन्या गॅरेजची भिंत दीड इंच बाहेर आलीय, जाड प्लास्टर मारून सरळ करतो म्हणता. थांबा जरा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायाच हलत असेल तर प्लास्टर काय करणार? भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवा, तारीख लिहा. पावसाळाभर काच शाबूत राहिली तरच मिस्त्री बोलवा. आमच्या ट्रॅक्टर शेडमधली पोळ्याच्या आतच तडकली होती! काच टिकली की मग ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) लावून भिंत तपासा, तारेची चिकन जाळी ठोकून दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, भरा. एका हातात 20 मिमीच्या वर गेलं की प्लास्टर लोंबतं. उकाड्यासाठी थर्माकोल लावायचाच तर आधी पत्र्याखाली, मग पश्चिमेच्या भिंतीला. मे महिन्यात आग वरूनच येते.