विषय: उत्तर: उटण्याचा छोटा काटा, १०० ग्रॅमचं वजन आहे का कुणाकडे?

मंडळी, शनिवारी पाकिटं भरायची आहेत आणि कपाटातला तो २०० ग्रॅमवाला काटा कोजागिरीला खाली पडला तेव्हापासून त्याचा भरवसा वाटत नाही. एक निकेल (अमेरिकेचं ५ सेंटचं नाणं) ५ ग्रॅमचं असतं म्हणून आत्ता २० निकेल ठेवून बघितले तर ९७.९ दाखवतोय. बटण दाबून धरलं की 'कॅल' (कॅलिब्रेशन, म्हणजे काटा नव्याने जुळवणं) येतं आणि १०० मागतो, मग ह्याच नाण्यांवर सेट करून टाकू का? २० ग्रॅमची १२० पाकिटं आहेत, मागच्या वर्षीसारखं कुणाला कमी कुणाला जास्त व्हायला नको.
– उटणं टीम

> वहिनी, नाणी झिजतात हो, पाणी घ्या. १०० मिली म्हणजे १०० ग्रॅम, संपला विषय. मी पोह्यांच्या वेळी असंच केलं होतं.

>> मेजरिंग कपाने अजिबात नको! रेषेवरून नजर जरा वरखाली झाली की ३-४ ग्रॅमचा फरक पडतो. मुलांच्या औषधाची १० मिलीची सिरिंज असेल तर दहा वेळा भरून घाला, ते चालेल. आणि काचेचा कप नको, टेअर केलं (कप ठेवून आकडा शून्यावर आणला) तरी कपाचं वजन त्या २०० मध्येच धरलं जातं. बाय द वे, हा काटा मसाला स्टॉलसाठी घेतला होता, नेताना शीटवर लिहायचं ठरलंय ना?

>>> शीटवर लिहिलंय, १२ तारीख बघा.

> नाण्यांना नावं ठेवू नका, आमच्या आजोबांच्या लहानपणी राणीछाप रुपया म्हणजेच एक तोळा, ११.६६ ग्रॅम, सर्रास वजन म्हणून वापरायचे. त्याच्या खाली गुंजा. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. गावच्या सोनाराकडे लाल गुंजांची डबी मी स्वतः पाहिली आहे, तो एकसारख्या गुंजा निवडत बसायचा आणि मला एकीलाही हात लावू द्यायचा नाही.

> वहिनी, काही सेट करू नका, थांबा!! आधी फ्रिजवरचं मॅग्नेट घ्या आणि एकेक नाणं लावून बघा. आपल्याकडे डेट्रॉइटला नदीपलीकडच्या विंडसरची, म्हणजे कॅनडाची, चिल्लर सारखी मिसळते. कॅनडाचं ५ सेंटचं नाणं आकाराला अगदी आपल्या निकेलएवढंच, पण २००० सालापासून ते स्टीलचं आहे आणि ३.९५ ग्रॅम भरतं. आपलं ७५ टक्के तांब्याचं, मॅग्नेटला चिकटत नाही. दोन कॅनडाची असतील तर ९० अधिक ७.९, बरोब्बर ९७.९ होतात. काटा नीटच असणार. तसंच सेट केलं असतंत तर प्रत्येक पाकिटात जवळजवळ अर्धा ग्रॅम उटणं कमी गेलं असतं.

>> दादा, दोन चिकटली!! बीव्हरवाली, मी बघितलंच नव्हतं. ती बदलून ठेवल्यावर १००.१ आलं. काट्याला आता हात लावत नाही.

>>> ०.१ सोडून द्या, सगळी नाणी काही तंतोतंत ५ ची नसतात, २० एकत्र ठेवली की कमीजास्त भरून निघतं. फक्त काटा ओट्यावर सपाट ठेवा आणि चिमणीचा पंखा बंद करा, वाऱ्याने आकडा हलतो.

>>>> काटा रविवारी परत हवाय, गोडा मसाला भरायचा आहे. सीलर कोण आणतंय?