बीकॉम झालंय, मग पुन्हा अकाउंटिंग कशाला?

एकांनी लिहिलंय की भारतातलं बीकॉम असताना अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात (साधारण दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) पुन्हा श्रीगणेशापासून अकाउंटिंग घेणं म्हणजे पैसे पाण्यात. मला नाही पटलं. कॅलिफोर्नियात एच-४ वर (तिथे नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असताना मी हेच केलं. (नोकरी करता येत नव्हती, शिकायला आडकाठी नव्हती.) राज्याचे रहिवासी ठरलात तर सेमिस्टरवाल्या कॉलेजात फी युनिटला (कोर्स मोजायचं माप; एका कोर्सचे काही युनिट असतात) ४६ डॉलर, नाहीतर कित्येक पट. म्हणून आधी रेसिडेन्सीचं विचारून घ्या.

पहिल्या आठवड्यात मीही 'हे तर अकरावीचं' म्हणत मिरवत होते. मग होमवर्क आला. आपल्याला पाठ 'येणारं नावे, जाणारं जमा'; तिथे शिकवलं ते मालमत्ता = देणी + भांडवल एवढंच समीकरण, आणि कुठलं खातं कुठल्या बाजूला वाढतं ते. ताळेबंदात रोकड सगळ्यात वर, इमारत-यंत्रं खाली. मी सवयीनं नेमकं उलटं मांडून आले! साठ्याचं मूल्य लिफोनं (शेवटी आलेला माल आधी विकला गेला असं धरून) काढायला तिथे मुभा, आपल्याकडे नाही. आणि आपल्याकडचा 'संड्री डेटर्स' (ज्यांच्याकडून उधारी यायची आहे ते) हा शब्द वापरल्यावर शेजारचा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.

सीपीए (आपल्या सीएसारखी अमेरिकेतली पात्रता) डोक्यात असेल तर आधी भारतातल्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्या, म्हणजे नेमके कुठले विषय कमी पडतात ते कळेल. तोवर टॅक्सचा एक कोर्स घेऊन 'विटा' (VITA) या कर भरायला मदत करणाऱ्या सरकारी उपक्रमात स्वयंसेवक म्हणून जा. तिथे कमी उत्पन्नाच्या लोकांचे रिटर्न फुकट भरून देतात. माझा पहिला डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा, मालकाने दिलेला फॉर्म) मी तिथेच हातात धरला.