जुना लायटर आणि चकमक: रानात जाळ करायला काय घ्यावं, काय शिकावं?

अर्धीकाडी:
मंडळी, आजोबांच्या पेटीत एक झिप्पो (पेट्रोलवर चालणारा, झाकणाचा लायटर) सापडला. झाकण अजून खणखणीत वाजतं, पण चाक तसूभरही हलत नाही. तळाला अक्षरांच्या डावीकडे तीन आणि उजवीकडे दोन उभ्या रेघा आहेत. मी महिन्यातून एकदा तंबू घेऊन बाहेर पडतो. मागच्या खेपेला वाऱ्यात अख्खी काडेपेटी संपली, पण चूल काही पेटली नाही. तेव्हा तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा लायटर दुरुस्त करून सोबत नेण्यात अर्थ आहे का? बाहेर वापरायलाच घ्यायचा तर जुन्यातला कोणता घ्यावा? आणि लायटरशिवाय जाळ करायला शिकायचं तर सुरुवात कशापासून करू?

तांब्यापितळ:
तीन आणि दोन उभ्या रेघा म्हणजे १९६९. झिप्पो कंपनीची तळाची वर्षाची खूण अशी चालते: १९५८ ते ६५ ठिपके, १९६६ ते ७३ उभ्या रेघा, पुढे १९८१ पर्यंत उजवीकडे कललेल्या आणि १९८६ पर्यंत डावीकडे कललेल्या. दर वर्षी एकेक खूण कमी होत जाते. आतला भागही बाहेर काढून बघा. त्याच्यावर वेगळ्या खुणा असतात. पन्नास वर्षांत कुणीतरी तो बदललेला असणं अगदी शक्य आहे.

चाक अडकलंय ते बहुतेक खड्यामुळे. लायटरचा खडा म्हणजे गारगोटी नव्हे. तो सेरियम, लोखंड वगैरेंचा मिश्रधातू, फेरोसेरियम. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आऊअर फॉन वेल्सबाख याने १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. वर्षानुवर्षं दमट हवेत पडून राहिला की तो गंजतो, फुगतो आणि नळीत घट्ट बसतो. पेटीत पडलेल्या दहापैकी निम्म्या जुन्या लायटरचं दुखणं हेच असतं, हा माझा स्वतःचा अनुभव.

उपाय सोपा आहे, घाई मात्र नको. आतला भाग ओढून काढा, खालच्या नमद्याशेजारचा स्क्रू सोडवा, स्प्रिंग बाहेर घ्या. मग साधारण २ मिमीचं ड्रिलचं पातं बोटांनी फिरवत खालून खडा पोखरून काढा. करडी भुकटी पडत राहील. ड्रिल मशीन लावू नका आणि वरून चाकावर ठोकू तर मुळीच नका. चाकाचे दाते गेले की संपलं. कंपनी जुने लायटरही फुकट दुरुस्त करते, पण आतला भाग नवा बसवून येऊ शकतो. आजोबांचाच हवा असेल तर आधी स्वतः प्रयत्न करा.

आणि कृपा करून पॉलिश करू नका. ज्या जागी आजोबांचा अंगठा घासून मुलामा उडालाय, तीच त्याची किंमत.

वाऱ्यावरचीवरात:
लायटर दुरुस्त करा, पण भरवसा त्याच्यावर टाकू नका. पेट्रोलवाल्या कुठल्याही लायटरमधलं इंधन न वापरताही उडून जातं. आठवड्या-दोन आठवड्यांत कोरडा. निघायच्या आदल्या रात्री भरायचा आणि काठोकाठ भरायचा नाही. जास्त झालेलं इंधन खिशात झिरपतं आणि मांडीची कातडी पोळते (कसं कळलं ते विचारू नका).

जुन्यातला घ्यायचाच तर माझं मत इम्को ट्रिप्लेक्सला. ऑस्ट्रियाचा, पत्र्याचा, दिसायला ओबडधोबड. त्याची टाकी खालून वातीसकट सुटी निघते, म्हणजे तीच छोट्या मेणबत्तीसारखी धरून काटक्यांच्या पोटात नेता येते. चाकाजवळ बोट भाजत नाही. ऑस्ट्रियातलं उत्पादन २०१२ मध्ये थांबलं, तरी वापरलेले भरपूर मिळतात. युद्धाच्या गोष्टी आणि कोरलेले संदेश असलेल्या झिप्पोंपासून मात्र दूर राहा. व्हिएतनामच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्यांत नकली माल फार आहे.

सुंभजळाला:
वारा हीच अडचण असेल तर दोरवातीचा लायटर बघा. चाक, खडा आणि सुती दोर, बस. इंधन नाहीच. ठिणगी दोराच्या जळक्या टोकावर पडते आणि ते धुमसायला लागतं. ज्या वाऱ्याने काडी विझते त्याच वाऱ्याने हा निखारा फुलतो. विझवायला दोर नळीत आत ओढायचा. टोक काळं राहिलं पाहिजे. कोऱ्या दोरावर ठिणगी धरत नाही, म्हणून पहिल्यांदा ते काडीने जाळून घ्यावं लागतं. पण ज्योत मिळत नाही, निखारा मिळतो. पुढचं काम तुमच्या फुंकरीचं.

काडीमोड:
इतका खटाटोप कशाला? साधा चाकाचा गॅस लायटर घ्या, दोन घ्या, विषय संपला.

वाऱ्यावरचीवरात:
@काडीमोड, एक तर मीही ठेवतोच. फक्त ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सियसला उकळतं, त्याखाली त्याचा वायूच होत नाही. थंडीत लायटर आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवायचा. आणि चाकाचाच हवा. बटण दाबून टिक् करणारे उंचावर दगा देतात. गॅस संपला तरी चाकाची ठिणगी उरते, तीही कामाची.

गारगोटीबाई:
आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण काडेपेटी संपली ती वाऱ्यामुळे कमी आणि खाली ठेवलेल्या सरपणामुळे जास्त, असं मला वाटतंय. तुम्ही काडी थेट बोटाएवढ्या लाकडाला लावत होतात का? आधी केसासारखं बारीक काहीतरी हवं, मग काडेपेटीतल्या काडीएवढ्या काटक्या, मग पेन्सिलीएवढ्या. वाटतात त्याच्या दुप्पट गोळा करा. जमिनीवरच्या ओल पितात. झाडावरच वाळलेल्या आणि कट्कन मोडणाऱ्या घ्या.

सुरुवात फेरो रॉडने करा, म्हणजे लायटरच्या खड्याच्याच फेरोसेरियमची जाड कांडी. ठिणग्या ३००० अंशांच्या आसपास तापतात आणि रॉड भिजला तरी पुसून चालतो. वरचा काळा रंग आधी खरवडून काढा. खरवडायची पाती जागच्या जागी धरून रॉड मागे ओढायचा, नाहीतर हात पुढे जाऊन रचलेलं सगळं उधळतं. व्हॅसलीन चोळलेला कापसाचा बोळा पिंजून ठेवलात तर तो कित्येक मिनिटं जळतो. घरून दहा-बारा करून डबीत भरा.

ते जमलं की चकमक. इथे ठिणगी दगडाची नसते. गारेची (गारगोटीची) धार पोलादाचा कण खरवडते आणि तो कण हवेत पेटतो. म्हणून पोलाद कार्बनचं आणि कडक पाणी दिलेलं हवं, जुनी कानस उत्तम. स्टेनलेस सुरीवर जन्मभर घासत बसाल. ही ठिणगी फेरो रॉडपेक्षा खूपच थंड असते, कोऱ्या कापसावर विझून जाते. तिला जळकं फडकं लागतं. शंभर टक्के सुती कापड बारीक भोकाच्या पत्र्याच्या डबीत बंद करून निखाऱ्यावर ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की डबी बाजूला घ्या, पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. फडक्याचा तुकडा गारेच्या धारेवर अंगठ्याने धरायचा आणि पोलाद वरून खाली घासत आणायचं. लाल ठिपका दिसला की तो वाळक्या गवताच्या घरट्यात ठेवून, घरटं चेहऱ्यापेक्षा वर धरून खालून लांब फुंकर. धूर डोळ्यांत जात नाही.

१९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ओट्झी नावाच्या गोठलेल्या माणसाजवळ झाडावरची टणक अळंबी होती, आणि तिच्यात पायराइटचे, म्हणजे ठिणगी देणाऱ्या खनिजाचे कण. म्हणजे ठिणगी धरण्याचं सामान तोही घेऊनच फिरत होता.

घामटं:
धनुष्य आणि टकळीने घर्षणाचा जाळ कुणी सुचवायच्या आत सांगतो: पहिल्या निखाऱ्याआधी माझ्या तळहातावर चार फोड आले होते. खाचेतली काळी भुकटी धनुष्य थांबवल्यावरही आपणहून धुमसत राहिली तरच ती तयार. शेवटी शिका.

अर्धीकाडी:
दोन आठवड्यांनी परत येतोय. खडा निघाला! पाऊण तास लागला, पण चाक फिरलं. आतला कापूस, वात, नमदा सगळं बदललं आणि जुनं एका पुडीत जपून ठेवलं. गारगोटीबाई, अंदाज खरा होता, मी थेट जाड फाट्यांनाच काडी लावत होतो. फेरो रॉडवर तिसऱ्या घासणीत जाळ. फडक्याची डबी मात्र गरम असतानाच उघडली, सगळं डोळ्यांदेखत लाल होऊन राख. एक राहिलं: झिप्पोची ज्योत फार मोठी आणि काजळी धरणारी येतेय. असं का?

तांब्यापितळ:
वात उंच राहिलीय. जाळीच्या वरच्या कडेच्या जरा खाली येईल इतकी कापा. आत तांब्याची तार असते, म्हणून कात्री नको, छोटं निपर घ्या. आणि एक जादा खडा खालच्या नमद्याआड ठेवून द्या.