बंदूक भरायला पाच कळा : हा खेळ की शिक्षा?

टिळकवाडीकर
गेले चार दिवस रात्री ‘रिसीव्हर’ खेळालोय. 2012 चा जुना शूटर, म्हणजे गोळ्या मारायचा गेम. सात दिवसांत शूटर करून दाखवायचा असं एक चॅलेंज होतं, त्यासाठी वुल्फायर गेम्सनं केलेला. इतर गेममध्ये एक कळ दाबली की बंदूक भरते. इथं मॅगझिन (गोळ्यांची डबी) काढायला एक कळ, त्यात एकेक गोळी घालायला दुसरी, परत बसवायला अजून एक, मग स्लाइड, म्हणजे बंदुकीचा वरचा सरकता भाग, ओढायची. सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारा खटका, वेगळीच. समोरून ड्रोन घोंघावत आलाय आणि मी मान खाली घालून कीबोर्डवर कळ शोधालोय. एक फटका, मेलो, परत पहिल्यापासून.

माझं मत सरळ आहे. बोटांचा विचार करायला लागला की मजा संपली. ‘एंटर द गंजन’ हा दुसरा शूटर घ्या. लोळायची एक कळ. हवेत आहे तोवर गोळी लागत नाही, जमिनीला टेकला की लागते. दहा मिनिटांत हाताला कळतं. असं पाहिजे.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
भावा, पूर्ण चुकीचं. मी कारखान्यात व्हीएमसी (धातू कापायचं कॉम्प्युटरवालं मशीन) चालवतो. पहिला आठवडा प्रत्येक बटण वाचून दाबायचो, हत्यारांची मापं (ऑफसेट) घालताना घाम फुटायचा. आता शेजाऱ्याशी कुंद्याच्या गप्पा मारत जॉब लावतो. हात बसायला वेळ लागतो, पण बसल्यावर जे वाटतं ते एका कळीत मिळत नाही.

आणि रिसीव्हरमध्ये गोळ्यांचा आकडा पडद्यावर नसतो हे तू सांगितलंच नाहीस. परवा जिन्यात उभा होतो, किती उरल्या आठवेना. मॅगझिन काढून बघितलं : दोन. परत बसवलं, वळलो, कोपऱ्यावर टरेटचा (आपोआप गोळ्या मारणाऱ्या बंदुकीचा) दिवा. छातीत धडधड झाली ती त्या कळांमुळंच. कोपऱ्यात ‘2’ लिहिलेलं असतं तर मी बघितलंही नसतं.

टिळकवाडीकर
तुला त्या बटणांचा पगार मिळतो. मी दिवसभर दुकानात बिलं मारतो. रात्री परत शिकाऊ म्हणून कशाला लागू?

निपाणीची
कळा किती ह्यावरून तुम्ही दोघं उगाच भांडालाय. विहिरीत खाली खाली पडत जायच्या ‘डाउनवेल’ (2015) मध्ये फक्त तीन आहेत : डावीकडं, उजवीकडं, आणि एक. जमिनीवर असताना ती उडी, हवेत असताना तीच बुटातून गोळी. टेकलं की गोळ्या परत भरतात. उडी, मारणं, भरणं सगळं एकाच बोटात. ह्याला म्हणतात डोकं लावलेलं.

पण हाच गेम मी फोनवर निपाणी-बेळगाव बसमध्ये खेळते. पडद्यावरच्या बटणाला कड नसते ना, अंगठा कधी घसरला कळतच नाही. संकेश्वरपर्यंत तीनदा विहिरीत मरते. तोच गेम घरी कीबोर्डवर मस्त. मग दोष डिझाइनचा की काचेचा?

खानापूरचा_काका
वयानं मोठा आहे म्हणून मध्ये बोलतो. माझं उजव्या हाताचं मधलं बोट कामावर प्रेसमध्ये सापडलं, तेव्हापासून वाकत नाही. गंजनमध्ये लोळायला माउसचं उजवं बटण असतं. मी ते स्पेसबारवर घेतलं, दोन मिनिटांचं काम. मागं एक दुसरा शूटर विकत घेतला, नाव सांगत नाही, त्यात कळा बदलायची सोयच नाही. बनवणाऱ्याला लिहिलं, तर उत्तर आलं की आम्ही हे विचार करूनच ठेवलंय. पैसे गेले.

गंमत म्हणजे दोन दांड्यांचे (जॉयस्टिकचे) शूटर ज्याच्यामुळं गाजले त्या ‘रोबोट्रॉन 2084’ (1982) ची गोष्टच अशी. तो बनवणाऱ्या यूजीन जार्विसच्या उजव्या हाताला अपघातात मार बसला होता, गोळीचं बटण दाबता येईना. त्यातून एका दांडीनं पळायचं, दुसरीनं मारायचं हे सुचलं.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
काका, हे शंभर टक्के मान्य. कळा बदलू द्या, कुठंही न्या. पण म्हणून पाचाच्या दोन करू नका. रिसीव्हरची स्लाइड काढली तर उरतो काय?

टिळकवाडीकर
मग ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ला काय म्हणशील? 2022 चा. नुसतं चालायचं, हत्यारं आपोआप चालतात. जगानं डोक्यावर घेतला.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
तो शूटर न्हवे गा. म्हैस चरायला सोडल्यागत आहे. (खेळतो मीपण, रविवारी.)

निपाणीची
कुठं उभं राहायचं हे ठरवणं म्हणजे काही नाही काय? खेळून बघा की वीस मिनिटांच्या पुढं.

टिळकवाडीकर
काल रात्री रिसीव्हर परत लावला. ड्रोन आला, न बघता मॅगझिन काढलं, चार गोळ्या घातल्या, बसवलं, स्लाइड ओढली, नेम धरला. सेफ्टी लावलेली राहिली होती. मेलो.

मत बदललंय असं कुणी समजू नका. फक्त सेफ्टीची कळ माउसच्या बाजूच्या बटणावर कशी घ्यायची तेवढं काका सांगा.