मदत हवी आहे: ल्युकेमियातलं व्हीएलए-४ रुग्णाच्या बाजूचं की विरोधातलं?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीला आहे. पेशींना चिकटवणारे रेणू आणि ल्युकेमिया या विषयावर सेमिनार द्यायचाय. एका जागी घोडं अडलंय.

मला समजलेलं असं. अस्थिमज्जेतली ल्युकेमियाची पेशी मोकळी फिरत नसते, आधार धरून बसते. तिच्या पृष्ठभागावरचं व्हीएलए-४ हे इंटेग्रिन (पेशीला आधाराशी जोडणारं प्रथिन) स्ट्रोमा म्हणजे मज्जेतल्या आधार पेशींवरच्या व्हीकॅम-१ या रेणूला आणि आजूबाजूच्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला चिकटतं. या पकडीतून पेशीच्या आत जगण्याचे संदेश जातात आणि केमोचा मारा झेलून काही पेशी तग धरतात. पुढे आजार उलटतो तो बहुधा त्यांच्यामुळेच. सीडी४४ आणि ई-सिलेक्टिन या चिकटवणाऱ्या रेणूंचं कामही याच अंगाचं.

इथवर ठीक. पण एएमएलवरचा (तीव्र मायलॉइड ल्युकेमिया) २००३ सालचा एक अभ्यास म्हणतो, ब्लास्टवर म्हणजे ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशींवर व्हीएलए-४ असेल तर आजार उलटण्याचा धोका जास्त. २००९ सालच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र ज्यांच्या ब्लास्ट व्हीकॅम-१ला जास्त बांधल्या जात होत्या, ते रुग्ण जास्त जगले! त्यात सीएलएलमध्ये (दीर्घकालीन लिम्फोसाइटिक ल्युकेमिया) सीडी४९डी, म्हणजे याच व्हीएलए-४ची अल्फा साखळी, जास्त असणं वाईट लक्षण मानतात. तीन दिवस यावर डोकं लावतोय. कुणी नीट समजावेल का?

---

प्रतिसाद १:
दोघांनी मोजलं काय, ते आधी बघा. रेणू पेशीवर आहे का हा एक प्रश्न, त्याला पकड आहे का हा दुसरा. इंटेग्रिन मिटलेल्या आणि उघडलेल्या अशा दोन्ही रूपांत असतं. मिटलेलं असताना फ्लोमध्ये (फ्लो सायटोमेट्री, पेशींवरचे रेणू मोजायची पद्धत) दिसतं, पण धरत जेमतेमच. २००९ वाल्यांनी विरघळलेलं व्हीकॅम-१ देऊन बांधणी मोजली होती. त्यामुळे दोन्ही निष्कर्ष एकाच तक्त्यात समोरासमोर ठेवू नका. सीएलएलही वेगळं काढा, तिथे लसीका गाठींचा मोठा वाटा असतो.

प्रतिसाद २:
सीएलएलचं निघालंच आहे तर इब्रुटिनिब हे त्यावरचं औषध नक्की घाला. सुरुवातीच्या आठवड्यांत लसीका गाठी लहान होतात आणि रक्तातल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा प्रकार, सीएलएल यांचाच) मात्र वाढतात. पकड सुटून पेशी बाहेर येतात म्हणून. आजार बळावला असं नव्हे. चिकटण्याचं महत्त्व पटवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.
पण पकड सोडवली की काम झालं, असं लिहू नका. ई-सिलेक्टिन अडवणारं उप्रोलेसेलन हे औषध उलटलेल्या आणि दाद न देणाऱ्या एएमएलमध्ये केमोसोबत दिलं, तरी २०२४ साली जाहीर झालेल्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत एकूण आयुर्मानात ठोस फरक पडला नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार. मी दोन्ही अभ्यास खरंच एकाच तक्त्यात बसवत होतो. आता आधी मिटलेल्या-उघडलेल्या इंटेग्रिनची स्लाइड करतो. व्हीएलए-४च्या दुसऱ्या, बीटा-१ साखळीचं रूप ओळखणारी प्रतिपिंडं कुणी फ्लोमध्ये वापरली असतील, तर कंट्रोल काय ठेवलं होतं तेही सांगा.