सुलोचनाबाईंना आदरांजली वाहताना कोणत्या लावण्या घ्याव्यात?

कोथरूडकर: लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण यांचे १० डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ आमच्या वाचनालयात छोटा कार्यक्रम करण्याचे घाटत आहे. मात्र वाचनालयासारख्या ठिकाणी लावणी शोभणार नाही, असे काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे आहे. त्यांचा मान राखून कार्यक्रम कसा बसवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सदाशिव पेठेतील एक रसिक: ज्येष्ठांना आवर्जून सांगा की 'मल्हारी मार्तंड'मधील 'पदरावरती जरतारीचा' ही लावणी गदिमांची आहे. ज्या लेखणीतून १९५५ साली पुणे आकाशवाणीसाठी गीतरामायण उतरले, तिनेच पुढे वसंत पवारांच्या चालीवर बाईंनी गायलेला हा शृंगार लिहिला, आणि त्यात गदिमांना काही कमीपणा वाटला नाही. नाच मात्र ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाई स्वतः डोक्यावरून पदर घेऊन गात असत; सगळा नखरा गळ्यात आणि शब्दांच्या फेकीत असे. 'सोळावं वरीस धोक्याचं' पुन्हा ऐका आणि ओळीतला तो एवढासा 'गं' त्या किती ठसक्याने टाकतात, याकडे लक्ष द्या. तेवढ्या एका अक्षरावर पडद्यावरच्या जयश्री गडकरांचा अर्धा अभिनय उभा राहतो.

गायनशिक्षिका, सहकारनगर: वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. सुरुवात 'कळीदार कपूरी पान'ने करावी, असे सुचवते. राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल असलेली ही बैठकीची लावणी संथ आहे, त्यामुळे ज्यांना लावणी म्हणजे केवळ धांगडधिंगा वाटतो, तेही कान देऊन ऐकतील. गाणाऱ्या मुलींनी बाईंच्या ठसक्याची नक्कल करू नये. शब्द स्वच्छ आणि निःसंकोच उच्चारावेत. शिवाय तयार ट्रॅकवर गाऊ नये, ढोलकीवादक प्रत्यक्ष बसवावा, कारण गायिकेने ओळ सोडली की तिला उत्तर द्यायचे काम ढोलकीचे असते. निवेदनात एक गोष्ट अवश्य यावी: बाईंनी गाण्याचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते, ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून त्यांनी गळा घडवला.

कोथरूडकर: आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. गदिमांचा दाखला दिल्यावर ज्येष्ठांनी संमती दिली आहे. आता प्रश्न उरला तो ढोलकीवादकाचा. बैठकीची लावणी वाजवणारे कोणी कोथरूड परिसरात असल्यास कृपया कळवावे.